दारातनं या

"चावी दिली का मानूस खोलीत जातो. चहा दिला का घरात येतो."

चाचांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, झालं, हे गृहस्थ धंदा बुडवणार. मी त्या वेळी संभाजीनगरात रेल्वे स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात नोकरीला होते. आलेल्या माणसाला दोन दिवसांत वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि बीबीचा मकबरा दाखवायचा, हातात हिमरू शालीची पिशवी द्यायची आणि परत गाडीत बसवून द्यायचं, एवढं माझं काम. या धंद्यातली माणसं सहसा कशानं भारावत नाहीत. मी तर नाहीच. कैलास लेण्यासमोर उभं राहून मी ड्रायव्हरला डिझेलवरून झापलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणेल, बाई जरा हळवीच दिसते.

माझी त्यांची गाठ पडली ती एका नव्या जोडप्यामुळे. लग्न नुकतंच झालेलं, मनात मालदीव, खिशात महाबळेश्वरसुद्धा नाही. मुलगी लाजत म्हणाली, "ते पाण्यावर खोली असते ना ताई, तसं काहीतरी बघा ना." मी म्हटलं, "बाई गं, आमच्या शहरात नळालाच आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यावर खोली कुठून बांधू?" तेव्हा आमचा ड्रायव्हर म्हणाला, पैठण रस्त्यानं जाऊन आत वळलं की धरणाच्या काठाला एक गाव आहे, तिथं एक चाचा घरातल्या खोल्या देतात, आणि ते स्वतः मालदीवला होते. मला वाटलं थापा मारतोय. पण रविवार मोकळा होता, म्हणून बघून यायला निघाले.

गावात कुठं बोर्ड दिसेना. विचारत विचारत मशिदीमागच्या एका पत्र्याच्या घरापाशी पोचले. दारात एक उंच म्हातारा चादर पिळत होता. मेंदीनं लाल झालेली दाढी, अंगात बनियन, खाली चौकड्याची लुंगी आणि पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. लुंगीवर बूट घातलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"बोर्ड का लावला नाही तुम्ही?" मी कपाळावरचा घाम पुसत विचारलं.

"बोर्ड कामून लावू? बोर्ड वाचून येतं ते गिऱ्हाईक. इचारीत इचारीत येतो तो पाहुना." आणि आत वळून ओरडले, "चाय टाको, पाहुनी आयी!"

खोल्या बघायच्या आधी मला स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं. चाचींनी चहा दिला. मी वही काढून माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले. खोली कितीला ताब्यात मिळते? "आला का मिळती." जेवणात काय असतं? "घरात जे असंल ते." गरम पाणी? "बंब हाय. पेटवाया पाहुन्यालाबी शिकवतो." मी वही मिटली. मग त्यांनी मागची खिडकी उघडली आणि त्या खिडकीत फक्त पाणी होतं. धरणाचा हा नाथसागर मी पैठणच्या बाजूनं कितीदा पाहिला होता, पण असा, कुणाच्या तरी घरातून, कधी नाही. त्या जोडप्याची सोय झाली, आणि माझी चाचांकडची ये-जा सुरू झाली.

त्यांची सगळ्यात चमत्कारिक रीत जेवणाची होती. पाहुणा झोपायला त्यांच्याकडे, पण संध्याकाळचं जेवण दुसऱ्याच घरी. आज शेजारच्या देवकाबाईकडं धपाटे, उद्या कोळ्याच्या घरी कटला मासा, परवा कुणाकडं भाकरी आणि येसराची आमटी. शुक्रवार असला तरच चाचींच्या हातचा मटणाचा नान-खलिया. जेवणाचे पैसे त्या त्या घरात. मी म्हटलं, "चाचा, चाची एवढ्या सुगरण आहेत, मग हा उद्योग कशाला?" तर म्हणाले, "पाहुना एकाच घरात जेवला का त्याला एकच घर दिसतं. आन तिथं हाटेलात तर तेबी दिसत नाय." त्यामुळं चाचांचा पाहुणा हा सगळ्या गावाचा पाहुणा व्हायचा. सकाळी तो पाण्याकडं फिरायला निघाला की चार ओट्यांवरून "झोप लागली का?" अशी चौकशी व्हायची.

सगळ्यांनाच हे मानवायचं असं नाही. चाचांचा मुलगा इरफान शहरात हॉटेलचा कोर्स करत होता. त्यानं मोबाइलवर खोल्यांची माहिती टाकली, आणि पहिल्याच झटक्यात पुण्याच्या एका गृहस्थांनी एक चांदणी देऊन लिहिलं, 'मालक न विचारता येऊन बसतात आणि घरच्यांची चौकशी करतात. प्रायव्हसी अजिबात नाही.' इरफाननं डोक्याला हात लावला. चाचांनी मला फोन केला. "बेटा, एक चांदनी मिली. एक तरी दिली ना मानसानं. त्याच्या आईचं गुडघ्याचं आपरेशन होतं. इचार बरं, कसं झालं?" आता हे काय माझं काम होतं? पण मी केला फोन. ते गृहस्थ आईच्या गुडघ्याबद्दल बराच वेळ बोलत राहिले. पुढच्या हिवाळ्यात आईला घेऊन आले आणि देवकाबाईकडून लोणच्याची बरणी घेऊन गेले.

हिवाळ्यात धरणावर रोहित पक्षी उतरतात. शहरातून लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात आणि चिखलात पालथे पडतात. चाचा त्या पक्ष्यांना 'आपलं जुनं गिऱ्हाईक' म्हणायचे. "बुकिंग नाय, अॅडव्हान्स नाय, तरी दरसाल येत्यात." आणि त्यांच्या खोल्यांत कॉटवर तसाच एक पक्षी बसलेला असायचा. पैठणच्या बाजारातल्या साध्या पंचाचा. लांब मान, वाकडी चोच, एक पाय वर. पंचा दिसला की चाचांची बोटं आपोआप चालू व्हायची. "क्या करूं, हात मानतेच नै," म्हणायचे. ग्रामपंचायतीची सभा चालू असताना सरपंचांच्या टेबलावरच्या उपरण्याचा एकदा हंस झाला होता, आणि सरपंचांना तो मोडवेना, म्हणून ते तसेच घरी गेले.

ही कला त्यांनी बेटावर उचलली होती. ऐन तिशीत ते मालदीवला गेले, एका बड्या रिसॉर्टमध्ये आधी धुलाईला, मग खोल्यांवर. तिथल्या गोष्टी ते खुलवून सांगत. पाण्यात उभ्या खोल्या, खाली काचेची जमीन, काचेखाली मासे. ऐकणारा डोळे विस्फारायचा. पण एकदा दुपारी, पाहुणे कुणी नसताना, चादरींच्या घड्या घालता घालता त्यांनी मला वेगळंच सांगितलं.

"तिथं कायदा एकच, बेटा. दिसायचं नाय. सायब-मेमसाब नाष्ट्याला गेले का आपन आत. चादर, टावेल, फुलं. पाय वाजला का मागच्या दारानं भायेर. ते येत्यात, बघत्यात, खोली चकाचक. कोनी केली? कोनीच नाय. मी तिथं लई वर्षं कोनीच नव्हतो."

एका सुट्टीच्या दिवशी ते भाजीपाल्याच्या बोटीतून शेजारच्या बेटावर गेले. तिथं रिसॉर्ट नव्हतं, माणसं राहायची. एका कोळ्यानं घराला जोडून दोन खोल्या काढल्या होत्या. चाचा नुसतेच त्याच्या घराच्या सावलीला टेकले. त्या माणसानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हाताला धरून स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. चहा दिला. बायकोनं खोलीत स्वच्छ चादर घातली. ना त्यांची भाषा चाचांना येत होती, ना चाचांची त्यांना.

"इतक्या वर्षांत पैल्यांदा माझी चादर दुसऱ्यानं घातली. मी आडवा झालो. भायेर त्याची लेकरं कल्ला करत होती. तो त्यांना हळूच कायतरी बोलला आन लेकरं चूप. भाषा नाय समजली, पन मला समजलं. 'हळू. पाहुना झोपलाय.'" चाचांनी चादर तशीच मांडीवर धरली. "भिंतीकडं तोंड करून लई रडलो बेटा. तिथंच ठरवलं, गावाला जायचं आन अशी खोली बांधायची."

मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी ती घडी पूर्ण केली.

आता त्या गावाबद्दल सांगायला हवं. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर माळावर येऊन राहिली. चाचा तेव्हा शाळकरी पोर होते, देवकाबाई नुकती लग्न होऊन आलेली. ज्या उन्हाळ्यात पाणी फार खाली उतरतं, त्या उन्हाळ्यात जुनं गाव वर येतं. वर येतं म्हणजे काय, तर भेगाळलेल्या गाळात घरांच्या दगडी जोत्यांच्या रेषा, चावडीचा ओटा, आडाचं तोंड. नवख्याला तिथं फक्त दगड दिसतात.

पहिल्यांदा तसा उन्हाळा आला तेव्हा चाचा मला आणि माझ्याबरोबरच्या पाहुण्यांना म्हणाले, "चला, घर दाखवतो." थर्मास आणि सतरंजी घेऊन पुढं निघाले. सपाट गाळ, आडवं यायला काही म्हणजे काही नाही, आणि हे आपले एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं वळत चाललेले. ऊन मी म्हणत होतं. मी सरळ नाकासमोर निघाले तर मागून हाक आली, "बेटा, उधर से नक्को! देवकाबाईचं सैपाकघर हाय ते." मी पायाखाली बघितलं. माती. तरी मी मुकाट्यानं मागं फिरून त्यांच्या वाटेला लागले. एका रुंद दगडापाशी ते थांबले, ते पांढरे बूट काढले, दगड ओलांडला आणि आत गेले. आत म्हणजे भिंती नसलेल्या घरात. सतरंजी अंथरली. "बसा. हितं अम्मी बसायची, आन ह्या कोपऱ्यात शेरडं." आम्ही सगळ्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. चहा पिताना कुणी मोठ्यानं बोललं नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो कैलास लेण्यानंसुद्धा कधी आला नव्हता, हे मला तिथल्या तिथं कबूल करावं लागलं.

जुनं गाव वर आलं की वरच्या गावातली सगळी माणसं तिथं अशीच चालतात. गल्लीनं जातात, वळणावर वळतात, दुसऱ्याच्या घरातून आडवं जात नाहीत. कुणी शिकवलं, कुणी नेम केला, असं काही नाही. घर बुडालं म्हणून काय कुणाच्याही माजघरातून जायचं का, असं देवकाबाईंनी मलाच उलट विचारलं होतं.

आणि याच काठावर रिसॉर्ट यायचं ठरत होतं.

कंपनीला काठाचं गायरान हवं होतं. ग्रामसभेनं हो म्हणायचं, मग पुढचे सोपस्कार. चित्रं फार सुरेख होती. पाण्यात खांबांवर उभ्या खोल्या, लाकडी पूल, दिवे. गावातल्या पोरांना नोकऱ्या. फक्त काठाला कुंपणाची भिंत येणार होती आणि गावकऱ्यांना पाण्याकडं जायला पास मिळणार होता. भिंत झाली की चाचांच्या खिडकीतलं पाणी जाणार, त्यांच्या पाहुण्यांची वाट जाणार, हे कुणालाही दिसत होतं. आणि त्या सुरेख खोल्यांचे खांब बरोबर जुन्या गावात रोवले जाणार होते.

सगळ्यात मोठ्यानं रिसॉर्टची बाजू घेत होता तो इरफान. मला त्याचा राग यायचा, पण त्याचं बोलणं खोडून काढणं सोपं नव्हतं. "अब्बा, तुम्ही तिथं राबले म्हणून हे घर उभं राहिलं. माझ्या बहिणींची लग्नं त्याच पगारात झाली. मग मी राबलो तर काय बिघडलं? मला आपल्या काठाला नोकरी मिळतेय, बेटावर जायची गरज नाय." चाचा ऐकून घ्यायचे. त्या दिवसांत घरातल्या एकूण एक पंचाचे पक्षी झाले होते आणि अंग पुसायला कोरडा पंचा मिळत नव्हता.

ग्रामसभेच्या दिवशी चाचांनी मला बोलावून घेतलं. "तू ये. कंपनीचा सायब इंग्रजीत गेला तर कोन समजून घ्यायचं?" साहेब आले ते तरुण, सभ्य, आणि मराठीत बोलणारे. त्यांनीच सुचवलं, की आधी जागेवर जाऊ, कुठं काय होणार ते प्रत्यक्ष दाखवतो, मग सभा घ्या. उन्हाळा होता आणि पाणी खूप खाली गेलं होतं. सगळं गाव खाली निघालं. इरफाननं साहेबांच्या लाल झेंड्या काखेत घेतल्या होत्या, खुणेला रोवायला.

गाळ लागला तसे साहेब हातातल्या नकाशात बघत, बोलत, सरळ पुढं चालत गेले. "इथून पूल सुरू होईल, इथं पहिली खोली, इथं..." बऱ्याच अंतरावर जाऊन त्यांनी मागं पाहिलं, तर मागं कुणीच नव्हतं. सगळं गाव त्या मोकळ्या गाळात नागमोडी चाललं होतं. म्हातारे पुढं, बाया मागं, पोरं त्यांच्या मागं, डावीकडं वळत, उजवीकडं वळत, आडाला वळसा घालत. सरपंचही तसेच. साहेबांना क्षणभर वाटलं असावं की ही आपली थट्टा चालली आहे. ते हसले. कुणी हसलं नाही.

मी मात्र इरफानकडं बघत होते. तो साहेबांबरोबर निघाला होता, त्यांच्या खांद्याला खांदा लावून, पण आता त्यांच्याजवळ नव्हता. काखेत झेंड्या घेऊन तो गल्लीनं येत होता. तो जुन्या गावात कधी राहिला नव्हता. त्याचा जन्मच वरच्या गावातला. पण लहानपणी चाचा सुट्टीवर आले की त्याला बोटाला धरून इथून हिंडवायचे, आणि त्याचे पाय तेवढं विसरले नव्हते. वळणावर तो वळला, आपण वळलो हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा पडला. चाचांनी ते पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली.

साहेब सरळ आमच्याकडं यायला निघाले तेव्हा देवकाबाईंनी हात वर केला.

"ओ सायेब! माझ्या चुलीवरनं नका येऊ. दारातनं या!"

साहेब थांबले. पायाखाली बघितलं. मग खरंच मागं वळले, लांबचा वळसा घालून गल्लीनं आले. चाचांनी सतरंजी घातलीच होती. उंबऱ्याच्या दगडापाशी येऊन साहेबांनी आमच्या चपलांची रांग पाहिली आणि न सांगता बुटांची नाडी सोडली. चाचांनी त्यांना चहा दिला.

"तुमचं हाटेल वाईट नाय सायब," चाचा म्हणाले. "मी त्याचं मीठ खाल्लंय. पोरांना काम द्या, लई बरकत होवो. पन हे माझं घर हाय. माझ्या घराला जाया मी पास कुनाला दाखवू?"

साहेबांनी कप दोन्ही हातांत धरला होता.

"अब्बा, हे चार दगड आहेत," इरफान म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "चार दगडांपायी आमची नोकरी घालवू नका."

"चहा घे," चाचा एवढंच म्हणाले. त्यानं घेतला नाही. झेंड्या उंबऱ्याबाहेर ठेवून तो वर निघून गेला, पण गेला तो गल्लीनंच.

त्या दिवशी ग्रामसभेनं नको म्हटलं. कंपनीनं धरणाच्या पलीकडच्या काठाला जागा धरली आणि तिथं रिसॉर्ट झालं. इरफानला तिथं नोकरी लागली, खोल्यांवर. वडिलांशी एक शब्द न बोलता त्यानं बॅग भरली. चाचींनी मला नंतर सांगितलं, की तो आंघोळीला गेला तेव्हा चाचांनी आपले बेटावरचे पांढरे बूट स्वच्छ धुऊन, वाळवून त्याच्या बॅगेत खाली ठेवले. दोघांच्या पायाचं माप एकच. त्यानंतर चाचा लुंगीवर साध्या चपला घालायला लागले, आणि मला ते बघवायचं नाही. संध्याकाळी पलीकडच्या काठाला दिवे लागायचे. चाचा पाहुण्यांना ते कौतुकानं दाखवायचे. "माझा पोरगा तिथं हाय. लई मोठं हाटेल." पाहुणा आत गेला तरी ते तिथंच उभे असायचे. पोरगा काही येत नव्हता. पावसाळा गेला, हिवाळा गेला, रोहित येऊन गेले, तरी आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी नागपूरच्या दोन बायकांना घेऊन चाचांकडं गेले. खोली आठवड्याआधी सांगून ठेवली होती. तर चाचा दारातच म्हणाले, "आज खोली नाय."

"नाही म्हणजे? मी सांगून ठेवलं होतं!"

"बाकीच्या भरल्या. हितं पाहुना येनार हाय. तुमची सोय देवकाबाईकडं केली. खाट चांगली हाय, वारा लई येतो."

मी चिडले. धंदा म्हणजे धंदा, असं काहीतरी बोललेही. खिडकीतून खोलीत डोकावले तर कॉटवर कोरी करकरीत चादर होती, एक सुरकुती नाही, आणि तिच्यावर पंचाचा पक्षी. एवढा नेटका पक्षी त्यांनी माझ्या कुठल्या पाहुण्यासाठी केल्याचं मला आठवत नव्हतं. "असा कोण नवाब येतोय?" मी विचारलं. चाचा घरामागच्या उंचवट्यावर जाऊन उभे राहिले. मी पाठोपाठ गेले.

पाणी खूप खाली होतं आणि जुनं गाव पूर्ण उघडं पडलं होतं. पलीकडून एक मासेमारीची होडी आली आणि एक माणूस उतरवून परत फिरली. हॉटेलचा गणवेश, हातात पिशवी. पायात पांढरे बूट. होडी लागली तिथून वरच्या गावाला सरळ चढ आहे. पाच मिनिटांत माणूस घरी. तो मात्र जुन्या गावाच्या दिशेनं वळला, आडाला वळसा घातला, गल्लीनं चालत आला. आजूबाजूला कुणी नव्हतं. आपल्याला कुणी बघतंय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या रुंद दगडापाशी येऊन त्यानं बूट काढले, आत गेला आणि तिथं नुसता उभा राहिला. मग आला तसाच दारातून बाहेर पडला, बूट घातले आणि चढाला लागला.

चाचांनी माझा खांदा घट्ट धरला. "दारातनं गेला," ते म्हणाले. "बेटा, तू देखी ना? दारातनं गेला." मग एकदम घराकडं वळून ओरडले, "चाय टाको!"

इरफान आला. येतोय हे त्यानं फक्त चाचींना कळवलं होतं, ते मला मागाहून समजलं. त्याला कुणी काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात पाटावर बसवून चाचींनी चहा दिला, आणि या खेपेला त्यानं तो घेतला. वाळला होता. हात साबणानं सोललेले दिसत होते. चहा संपल्यावर चाचांनी त्याला खोलीच्या दारापर्यंत नेलं. कॉटवरचा पक्षी बघून इरफान थांबला.

"अब्बा, चोच चुकली तुमची. आता अशी नाय दुमडत." त्यानं पंचाला हात घातला.

"ठेव ते," चाचांनी त्याचा हात धरला. "पाहुन्यानं काम करायचं नसतं."

इरफान कॉटच्या कडेला बसला. मग पक्षी उचलून उशाशी ठेवला, जपून, मोडू न देता, आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. चाचांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर उंबऱ्याला टेकून बसले.

माझ्या नागपूरच्या दोघी बायका अंगणात खिदळत होत्या. एक जण कोंबडीच्या मागं मोबाइल घेऊन धावत होती. माझी चिडचिड कुठल्या कुठं गेली होती. मी त्यांना काही सांगायच्या आधीच चाचांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "पाहुना झोपलाय."